आधी मशीन बंद करायला सांगा

दर्याकाठची पत्रं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. पावसाळाभर मासळीबद्दल आणि शिंपल्यांबद्दल विचारणारे वाचक होडीबद्दल विचारू लागतात. या खेपेची बहुतेक पत्रं मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या सफरींबद्दल आहेत. हा माझा गाव, माझा समुद्र. वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला, जायचे, मी पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि विद्यार्थ्यांना घेऊन याच पाण्यात डॉल्फिनच्या नोंदी केल्या. त्यामुळे आज जागा थोडी जास्त घेते.

सांगलीहून एक वाचक भगिनी लिहितात :
डिसेंबरात आम्ही सहाजण देवबागला येणार आहोत. सोबत ८ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असतील. मागे आलो होतो तेव्हा होडीवाल्याने 'शंभर टक्के डॉल्फिन दाखवतो' म्हणून नेले. तिथे सात-आठ होड्या जमल्या होत्या. कुठे पाठ दिसली की सगळ्या तिकडे धावायच्या. मुलीला पेट्रोलच्या वासाने उलटी झाली आणि आम्हाला धड काही दिसलेच नाही. या वेळी काय करावे? कधी जावे, कोणती होडी घ्यावी, आणि सासूबाईंना नेणे झेपेल का?

ताई, सासूबाईंना नक्की आणा. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. खाडीच्या बाजूने होडीत चढलं तर पाणी शांत असतं, दोघांनी हात दिला की त्या आरामात बसतील. लाटांतून चढवणारी होडी त्यांच्यासाठी घेऊ नका. बसवायचं ते मधोमध, जरा मागच्या अंगाला. होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, सगळ्यात जास्त आपटतं आणि तरुण मंडळी हौसेने नेमकी आजीलाच तिथे बसवतात, 'तुम्हाला पुढून चांगलं दिसेल' म्हणून. लेकीला मशीनपासून, म्हणजे होडीच्या इंजिनापासून, लांब, वारा तोंडावर येईल अशा जागी बसवा. निघण्याआधी पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. एखादं घावन, थोडा चहा, खिशात आलेपाकाची वडी. मोबाइलमध्ये मान खाली घालून बसलं की मळमळ हमखास सुरू होते. तिला लांब किनाऱ्याच्या रेषेकडे बघत राहायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर सकाळची, आणि तीही लवकरची. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत आपण त्यांना मतलई वारे म्हणून शिकलो. तो वारा मंद असतो, किनाऱ्याजवळचं पाणी त्याने फारसं उसळत नाही. साधारण दहा-अकरानंतर जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. एकदा ते तुरे उठले की डॉल्फिनची पाठ आणि लाटेचा माथा यांत फरक करणं सरावलेल्या डोळ्यालाही जड जातं. म्हणून सातच्या सुमाराला होडी सुटेल असं आदल्या संध्याकाळीच ठरवून टाका. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डॉल्फिन इथे बारमाही असतात. बंद असतो तो आपला प्रवास, पावसाळ्यात.

आता ते 'शंभर टक्के'. अशी हमी कोणालाच देता येत नाही. चाळीस वर्षं याच पाण्यात काढलेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, फार तर इतकंच सांगेल की कालपासून डॉल्फिन खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाशी आहेत. आणि हे सांगणं हमीपेक्षा कितीतरी मोलाचं असतं. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडू लागलं की त्याच्यासोबत शेवटे, म्हणजे मुंबईकडे ज्यांना बोय म्हणतात ते मासे, बाहेर येतात. डॉल्फिन तोंडाशी त्यांची वाट बघत असतात. तांडेलाला विचारा, 'ओहोटी कधी लागते?' तो लगेच ओळखेल की हे गिऱ्हाईक वेगळं आहे.

आपल्याकडे किनाऱ्यालगत दिसतो तो मुख्यतः हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन. जुने मच्छीमार त्याला गादा म्हणतात. अडीच मीटरच्या आसपास लांबी, राखाडी रंग, आणि पाठीवर एक लांबट उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटा पंख. हा खोल समुद्रातला प्राणी नव्हे. वीस-पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाणी, खाडीची तोंडं, खडकांच्या आजूबाजूची जागा, एवढंच त्याचं जग. म्हणजे जिथे आपली जाळी, आपल्या होड्या, आपलं सांडपाणी, नेमकं तिथेच त्याचं घर. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे, आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. त्याच कायद्याने 'शिकार' या शब्दात प्राण्याला हाकलणं आणि आमिष दाखवणं हेही धरलेलं आहे. तुमच्या मागच्या सफरीत सात-आठ होड्या जे करत होत्या ते या व्याख्येच्या किती जवळ जातं, तुम्हीच बघा.

पाण्याखाली तेव्हा काय चाललेलं असतं तेही सांगते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. डॉल्फिन आवाजावर जगतो. मासा कुठे आहे, तळ किती खोल आहे, पिल्लू कुठे गेलं, हे सगळं तो ऐकून ओळखतो. सात मशीनं एकदम गुरगुरू लागली की त्याला आपल्या पिल्लाची शीळही नीट ऐकू येत नाही. पिल्लू तीनेक वर्षं आईच्या अंगाला धरून असतं, त्याचा दम लहान, त्याला श्वासासाठी लवकर लवकर वर यावं लागतं. आई होड्या टाळायला खोल बुडी मारते आणि पिल्लाची फरपट होते. खाणं थांबतं, विश्रांती थांबते. डॉल्फिन आपल्यासारखा गाढ झोपत नाही. अर्धा मेंदू जागा ठेवून अर्धा झोपतो, हळूहळू पोहत. त्या संथ पोहण्यात आपण घुसलो तर त्याची झोपमोड करतो. लोक शेपटी आपटलेली बघून 'खेळतोय, खेळतोय' म्हणून टाळ्या वाजवतात. पुष्कळदा तो वैताग असतो.

म्हणून पैसे देण्याआधी, किनाऱ्यावर उभं असतानाच तांडेलाला सांगा : 'आम्हाला पाठलाग नको. दिसले की लांबच मशीन बंद करा, आम्ही बसून राहू. नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ.' हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्या वाक्याने त्याच्या मनावरचं ओझं उतरतं आणि तो त्याला येतं तसं काम करू लागतो.

मग काय होतं बघा. डॉल्फिन दिसले की होडी समोरून किंवा पाठीमागून न आणता बाजूने, ते चाललेत त्याच दिशेला समांतर, हळू न्यायची. निदान ५० मीटरवर थांबायचं. पिल्लू असेल तर १००. मशीन बंद. सुरुवातीला कानात आधीची घरघरच घुमत राहते. मग होडीच्या अंगावर पाणी चापट मारतं ते ऐकू येतं. आणि मग मागच्या बाजूने, जिथे कोणी बघत नसतं तिथून, 'फस्स' असा श्वास येतो. डोळ्याआधी कान सांगतो. वळून बघाल तर आधी लांब चोच तिरकी वर येते, मग कपाळ, मग ती कुबडी पाठ वाकत वाकत जाते आणि पंख बुडतो. लहानगं असेल तर ते आईच्या पलीकडून चोच जास्तच वर काढून, घाईघाईने श्वास घेतं. नीट बघा, प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला खाचा असतात, कोणाला एक, कोणाला तीन. आम्ही त्याच खाचांच्या फोटोंवरून कोण कोणतं ते ओळखायचो. लेकीला एक वही द्या आणि दिसेल तो पंख काढायला सांगा. फोटोपेक्षा तिला ते जास्त लक्षात राहील.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की निघा. ते दोनदा लांब गेले तर तिसऱ्यांदा मागे जाऊ नका. आणि तिथे आधीच दोन-तीन होड्या असतील तर तुमच्या तांडेलाला म्हणा, आपण आधी निवतीच्या खडकांकडे जाऊन येऊ.

होडी निवडताना नोंदणी क्रमांक आणि माणसांची मर्यादा होडीवर लिहिलेली आहे का ते बघा, आणि मर्यादेपेक्षा एकही माणूस जास्त बसत असेल तर चढू नका. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं मागा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगात घातलं तर पाण्यात ते गळ्यावरून वर सरकतं. तसं नसेल तर दुसरी होडी घ्या. इथे संकोच नको.

देवबागच्या आसपासचे एक तांडेल लिहितात :
बाई, तुमचं सदर माझी मुलगी वाचून दाखवते. तुम्ही दरवेळी लिहिता की होडीवाल्यांनी पाठलाग करू नये. आम्हाला ते कळत नाही असं नाही. पण माणसं होडीत बसली की पहिला प्रश्न 'कुठे आहेत डॉल्फिन?' दहा मिनिटांत दुसरा प्रश्न 'पैसे परत देणार का?' शेजारचा तांडेल पळवतो, त्याच्या गिऱ्हाइकांना दिसतात, माझी गिऱ्हाइकं मला शिव्या घालतात. हप्ते आहेत, मशीनचा खर्च आहे, चार महिने पावसाचे रिकामे. आम्ही काय करावं?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. बाहेरून येणारी माणसं होडीवाल्यांवर बोट ठेवतात, पण पाठलागाचं भाडं गिऱ्हाईकच भरतं. म्हणून वर सांगलीच्या ताईंना मी सांगितलं ते तुमच्यासाठीही आहे : दर सफरीचा असावा, डॉल्फिनचा नसावा.

हे एकट्या तांडेलाने करून जमणार नाही, हे मला मान्य आहे. एकाने मशीन बंद केलं आणि बाकीचे पळत राहिले तर नुकसान त्या एकाचंच. पण आपल्याकडे रापण संघ चालत आले आहेत. रापणीला शंभर हात एका दोराला लागतात, कोणाचा वाटा किती, कोणाची पाळी कधी, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते पाळलं जातं. ज्या गावाला रापणीची पाळी ठरवता येते त्याला डॉल्फिनजवळ एका वेळी किती होड्या थांबणार हे ठरवता येणार नाही, असं मला वाटत नाही. तिकीट एका खिडकीवर, होडी पाळीने, आणि खिडकीवर ठळक अक्षरात पाटी : 'ही समुद्राची सफर आहे. डॉल्फिन दिसतील असे नाही. पाठलाग केला जाणार नाही.' पाटी वाचून परत जाणारे थोडेच असतील. आणि ज्यांना ते मान्य आहे अशी माणसं तुम्हाला शिव्या घालणार नाहीत.

दुसरं. तुमच्याजवळ दाखवायला डॉल्फिनशिवाय केवढं तरी आहे, ते सांगा ना. खाडीच्या कडेला कांदळवन आहे. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे आणि तो तुमच्या अंगणात उभा आहे, हे पुण्यामुंबईच्या किती माणसांना ठाऊक असतं? खडकावर बसलेला समुद्री गरुड, पांढरं पोट आणि राखी पंखांचा, दाखवा. तुमचे वडील कोणत्या महिन्यात कोणती जाळी टाकायचे ते सांगा. वाऱ्याची नावं सांगा. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन जाणारे एक जुने तांडेल मशीन बंद करून बिडी काढायचे आणि मुलांना म्हणायचे, 'घाय करू नकात. तो आपसूक येतलो.' मुलं तासभर गप्प बसायची, एवढ्या गोष्टी त्यांच्याजवळ होत्या. डॉल्फिन आले नाहीत त्या दिवशीही मुलं खुशीत परतायची.

तुमच्या मुलीला हे उत्तर वाचून दाखवायला सांगा, आणि तिला माझा आशीर्वाद.

पुण्याचे एक वाचक विचारतात :
सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना आम्हाला पावाचे तुकडे देण्यात आले. ते पाण्यात कुस्करले की माशांची झुंबड उडते, फोटो सुंदर येतात. यात काही गैर आहे का?

आहे. किल्ल्याभोवतीचं हे पाणी साधं नाही. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्याच्या गाभ्यात पद्मगडाचं बेट आणि आसपासचे बुडीत खडक येतात. त्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. प्रवाळावर शेवाळ सतत चढू बघतं. पुष्कळ मासे ते खरवडून खातात, त्यामुळे प्रवाळाला ऊन आणि श्वास मिळतो. त्याच माशांना रोज सकाळी आयता मैदा मिळू लागला तर ते खरवडणं सोडून होडीखाली घोटाळतात. शिवाय सगळ्या जाती पावावर येत नाहीत. धीट, काळ्या पट्ट्यांचे तेवढे येतात आणि बाकीच्यांना हुसकतात. तुमच्या फोटोत एकाच जातीचे मासे आहेत का, बघा बरं.

पाव नाकारा. पाण्यात पालथे पडून राहा, हातपाय कमी हलवा. पाचेक मिनिटांत खडकाच्या कपारीतून एकेक जण बाहेर येतो. प्रवाळावर उभे राहू नका. तो दगड दिसतो पण ती प्राण्यांची वसाहत आहे आणि काही जाती वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात. होडीचा नांगर कुठे पडतोय तिकडेही लक्ष असू द्या. वाळूत टाकायला सांगा किंवा कायमच्या बोयाला, म्हणजे तळाशी बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, होडी बांधणारा माणूस शोधा. अभयारण्य झालं तेव्हा इथल्या मच्छीमारांनी विरोध केला, आपली मासेमारी बंद होईल या भीतीने, आणि ती भीती समजण्यासारखी होती. ज्यांना जाळं टाकायला मनाई होईल की काय या चिंतेत वर्षं काढावी लागली, त्यांच्या डोळ्यांसमोर पर्यटकांनी प्रवाळावर नाचावं हे मला सहन होत नाही.

कोल्हापूरचा एक विद्यार्थी लिहितो :
मला पक्ष्यांची आवड आहे. वेंगुर्ला रॉक्सवर होडीने जाऊन पाकोळ्यांच्या गुहा बघायच्या आहेत. कोणत्या महिन्यात जाऊ? गुहेत फ्लॅश चालतो का?

तुझं पत्र वाचून आनंद झाला. निवती-वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात हा खडकांचा आणि छोट्या बेटांचा पुंजका आहे, एकावर दीपगृह आहे. पक्ष्यांचा अभ्यासक ॲलन ह्यूम १८७५ साली या खडकांवर उतरला होता आणि पुढे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरय पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. म्हणजे तू ज्या वाटेने जाऊ बघतोस ती जुनी आहे.

तरी गुहेत जाऊ नकोस. या पाकोळ्या काळोखात टिकटिक आवाज काढून, त्याचा प्रतिध्वनी ऐकत भिंतीपर्यंत पोचतात आणि आपल्या लाळेने खडकाला घरटं चिकटवतात. वाटीएवढं घरटं, त्यात एक-दोन अंडी. या घरट्यांना परदेशात सूपसाठी भाव आहे, आणि इथली घरटी खरवडून नेणारी टोळी एके काळी राजरोस चालत होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे पहारा उभा केला, स्थानिकांना सोबत घेतलं आणि ती चोरी थांबवली. एवढ्या कष्टाने राखलेल्या गुहेत विणीच्या दिवसांत फ्लॅश मारला तर पक्षी एकदम उठतात, अंडी पडतात. तेव्हा फ्लॅशचा प्रश्नच मिटला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ये. निवतीहून अनुभवी तांडेल घे, पहाटे निघ, आणि बेटांना बाहेरून फेरी मार. गुहांच्या तोंडाशी पाकोळ्या आत-बाहेर करताना होडीतूनही मनसोक्त दिसतात. खडकावर उतरायचा हट्ट धरू नकोस. तिथे लाट फसवी असते, पाय ठेवायच्या क्षणी होडी दोन हात खाली जाते. दुर्बीण आण, लांब लेन्स आण, वही आण. हुकलेल्या फोटोची चुटपुट लागली तर वहीत वेळ, वारा आणि संख्या लिही. त्याचा उपयोग फोटोपेक्षा जास्त होतो.

ठाण्याच्या एक वाचक : सिंधुदुर्गात निळा देवमासा दिसल्याची बातमी वाचली होती. तो बघायला सफर मिळते का?

नाही, आणि कोणी देऊ केली तर विश्वास ठेवू नका. २०१५ साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसला हे खरं. अधूनमधून ब्राइड्स जातीचे देवमासेही दिसतात. पण ते बऱ्याच लांबच्या, खोल पाण्यातले पाहुणे. मालवणच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक नावाची बुडीत प्रवाळभूमी आहे. तिकडचं पाणी देवमाशांना मानवतं. ते सहलीच्या छोट्या होडीचं अंतर नव्हे. आणखी एक, किनाऱ्यावर कोणी 'देवमाशाची उलटी' विकत घ्यायला बोलावलं तर सरळ पोलिसांना कळवा. तिचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.

रत्नागिरीहून एक वाचक : होडीतून परतताना जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर काय करावं? आणि किनाऱ्यावर डॉल्फिन पडलेला दिसला तर?

दोन्ही वेळा पहिला फोन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकाला. समुद्रात माणसाच्या जिवाला धोका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

कासव जिवंत आणि जाळ्यात असेल तर तांडेलालाच सोडवू द्या, त्याला ते येतं. जाळं ओढू नये, कापावं. जाळं कापलं तर आपलं नुकसान, या विचाराने मच्छीमार थांबतो आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून त्याला सांगा की संरक्षित प्राण्याला सोडवताना कापलेल्या जाळ्याची भरपाई राज्य सरकार देतं, २५,००० रुपयांपर्यंत. मोबाइलवर फोटो आणि छोटा व्हिडिओ काढून ठेवा, अर्जाला लागतो. कासव सुस्त असेल तर लगेच पाण्यात टाकू नका. बुडालेल्या माणसासारखं त्याच्याही फुप्फुसात पाणी गेलेलं असतं. सावलीत, मागची बाजू जरा उंच ठेवून, ओलं फडकं घालून ठेवा आणि वन विभागाची वाट बघा. हे कासव बहुधा ऑलिव्ह रिडले असेल. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून अंडी घालायला येणारं तेच. गुहागरला उपग्रह यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' नावाची मादी पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्या एका जाळ्यात अडकलेल्या जिवाचा प्रवास किती लांबचा असू शकतो याची यावरून कल्पना येईल.

डॉल्फिन किनाऱ्यावर आला असेल तर त्याला ढकलून परत समुद्रात पाठवायची घाई गर्दी करते. तो आजारी किंवा जखमी असतो, पुन्हा बाहेर पडतो आणि दमून मरतो. शेपटी धरून ओढू नका. अंगावर ओलं कापड ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रावर कापड किंवा पाणी जाऊ देऊ नका. पोटाखालची वाळू पंखांच्या बाजूला थोडी उकरा. सावली करा. माणसं आणि कुत्री लांब ठेवा. सेल्फीवाल्यांना स्पष्ट शब्दांत बाजूला करा, वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या. मेलेला असला तरी कळवा. त्याच्या पोटात काय होतं, अंगावर जाळ्याच्या खुणा होत्या का, हे तपासूनच पुढच्यांसाठी काही करता येतं.

नाशिकचे एक वाचक : होडीतून सीगलना शेव आणि चिप्स टाकायला देतात. मुलांना फार मजा येते. चालेल ना?

नको. हे कुरव पक्षी हिवाळ्यात लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढाच प्रवास करून परत जातात. त्या प्रवासाला लागणारी चरबी त्यांना मासळीतून मिळते. तेलकट, खारट शेवेने पोट भरतं आणि मासे धरायचं राहून जातं. वर रिकामी पाकिटं पाण्यात पडतात ती वेगळीच. मुलांना मजा हवी असेल तर होडी रापणीच्या जागेजवळून न्यायला सांगा. जाळं किनाऱ्याला लागत आलं की कुरव आपोआप गोळा होतात, सूर मारतात, एकमेकांच्या चोचीतला मासा पळवतात. रापण बहुधा सकाळी लागते. किनाऱ्यावर उतरून दोराला हात लावायची मुलांची इच्छा असेल तर आधी विचारा, रापणकर सहसा नाही म्हणत नाहीत. निघताना त्यांच्याकडून ताजी तारली किंवा बांगडे विकत घ्या.